क्लॅमिडियाची शंका आली तर: मुंबईत तपासणी, औषध आणि जोडीदाराशी बोलणं

लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं. मे महिन्यात विरार ते चर्चगेट उभ्याने प्रवास करणारी आणि वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणारी बाई असेल, तर ते निदान पुष्कळदा बरोबरही निघतं. पण जळजळ चार-सहा दिवसांत थांबली नाही, किंवा थांबून परत आली, आणि मागच्या काही महिन्यांत निरोधाशिवाय शरीरसंबंध आलेला असेल, तर शहाळ्यावर आणखी दिवस घालवू नका. क्लॅमिडियाची तपासणी करून घ्या.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजारांत जगभर सर्वाधिक आढळणारा हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये याच्या सुमारे १२ कोटी ९० लाख नव्या लागणी झाल्या. परम्याच्या (गनोरिया) ८ कोटी २० लाख, गरमीच्या (सिफिलिस) सुमारे ७१ लाख. परमा आणि गरमी आपल्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक होते. क्लॅमिडियाचं नाव मात्र बहुतेकांना हातात रिपोर्ट पडतो तेव्हाच कळतं.

मी समुपदेशनाचं काम करते. रिपोर्ट घेऊन आलेली माणसं समोर बसतात तेव्हा औषधाबद्दल नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘हे कोणाकडून आलं?’ याचं उत्तर कुठलीही तपासणी देऊ शकत नाही. आणि त्या प्रश्नात अडकून लोक आठवड्याच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार महिनोन् महिने अंगावर काढतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या सांगताना माझा भर एकाच गोष्टीवर आहे: कोणामुळे झालं ते ठरवत बसण्याआधी दोघांनी एकाच वेळी औषध घ्या.

आधी आजार समजून घ्या

क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो. पेशीबाहेर तो निपचित असतो. आत गेला की वाढू लागतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत ती पेशी फोडून शेजारच्या पेशींत शिरतो. १९०७ साली जावा बेटावर शास्त्रज्ञांना तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तो डोळ्यांच्या खुपऱ्यांचा अभ्यास करताना. याच जिवाणूचे काही प्रकार खुपऱ्या आणतात, काही जननेंद्रियांना लागतात, तर काहींमुळे जांघेत मोठ्या गाठी येतात.

तो पेशीच्या आत राहतो, आणि पुढच्या अर्ध्या अडचणी त्यातूनच येतात. लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो उगवत नाही, त्यामुळे तो रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. आणि औषध पेशीच्या आत पोचणारं लागतं. उरलेल्या कुठल्याही अँटिबायोटिकच्या चार गोळ्या गिळून तो जात नाही.

पसरतो तो योनीमार्गे, गुदद्वारामार्गे आणि मुखमैथुनातून. बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. स्टेशनवरचं शौचालय, पोहण्याचा तलाव, दुसऱ्याचा टॉवेल, एका ताटात जेवण, यांतून तो होत नाही. ‘ऑफिसच्या टॉयलेटमधून लागलं असेल’ असं सांगून वेळ मारून नेता येते, पण मग जोडीदाराला औषध घ्यायला कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा ही सबब सुरुवातीलाच बाजूला ठेवा.

लक्षणं, आणि त्यांच्यावर का विसंबू नये

लक्षणं दिसलीच तर साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसतात. पुरुषांना लघवी करताना जळजळ होते, सकाळी उठल्यावर लिंगाच्या टोकाशी पाण्यासारखा किंवा किंचित पांढरट चिकट स्राव दिसतो, चड्डीवर छोटे डाग पडतात. कधी एका बाजूचा अंडकोष दुखतो, सुजतो. बायकांच्या अंगावरून नेहमीपेक्षा जास्त किंवा पिवळसर जाऊ लागतं, संबंधानंतर रक्ताचा डाग दिसतो, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जातं, ओटीपोटात दुखत राहतं. गुदद्वारात लागण असेल तर शौचाच्या वेळी दुखणं, चिकट स्राव, थोडं रक्त. घशातली लागण बहुधा काहीच त्रास देत नाही.

पण मुळात लागण झालेल्या बहुसंख्य बायकांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना कसलाच त्रास होत नाही. काहींची लागण आपोआप जाते, काहींची वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ आत राहते. उपचार न घेतलेल्या बायकांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये ती गर्भाशय आणि बीजवाहिन्यांपर्यंत चढते. तिथे व्रण राहिले तर पुढे गर्भ राहायला अडचण येते, किंवा गर्भ नळीतच रुजतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘मला तर काही होत नाही’ हे तपासणी टाळायला कारण होऊ शकत नाही.

आता थांबायचं नाही असे तीन प्रसंग सांगते. ओटीपोटात जोराची कळ आणि सोबत ताप किंवा उलट्या. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला असह्य दुखतंय किंवा चक्कर येतेय. तरुण मुलाचा अंडकोष एकाएकी प्रचंड दुखू लागला. यात अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो वाचवायला हाताशी काही तासच असतात. तिन्हीत सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, रात्री दोन वाजता का असेना, जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

परम्यात स्राव बहुधा घट्ट, पिवळा-हिरवट पू असतो आणि दोन ते सात दिवसांतच दिसतो. गरमीत आधी न दुखणारी एक जखम येते आणि ती आपली आपण भरूनही जाते, त्यामुळे माणूस फसतो. हे आजार एकत्रही असतात, म्हणून नुसत्या वर्णनावरून स्वतःच निदान करू नका.

मुंबईत कुठे जायचं

पालिकेच्या केईएम, नायर, सायन आणि कूपर या रुग्णालयांत तसंच सरकारी जेजेमध्ये त्वचारोग आणि गुप्तरोगाची ओपीडी असते. सरकारी कार्यक्रमाखाली चालणाऱ्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. घराजवळचं केंद्र कोणतं हे विचारायला १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा मोफत क्रमांक लावा. एचआयव्हीसाठी असला तरी लैंगिक आजारांचीही माहिती तिथे मिळते, आणि आपलं नाव सांगावं लागत नाही. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय वडाळ्याला अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. शहरातली ही केंद्रं तिच्याच देखरेखीखाली चालतात.

पालिकेच्या रुग्णालयात जायचं तर सकाळी लवकर जा. केसपेपर काढताना खिडकीवर ‘कशासाठी?’ असं विचारतात आणि मागे रांग कान टवकारून उभी असते. तिथे ‘स्किन’ एवढंच सांगा, पुरे. पुढे समुपदेशकाच्या खोलीत दार लावून बोलता येतं. डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांगा: शेवटचा संबंध कधी, कोणत्या प्रकारचा, जोडीदार किती, निरोध होता का, गरोदर असण्याची शक्यता आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का. पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर तेही सांगायलाच हवं, कारण त्यावर कुठला स्वॅब घ्यायचा हे ठरतं. हे सांगताना जीभ अडखळत असेल तर सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्याची हमसफर ट्रस्ट १९९४पासून याच समाजासोबत काम करतेय. तिथे अशा प्रश्नांनी कोणी दचकत नाही.

खाजगीत जायचं तर त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर उपचार’ म्हणून चिकटवलेली पत्रकं तुम्हीही पाहिली असतील. अशा आजारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. ज्याची जाहिरातच बेकायदा आहे त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नका. तिथे हजारो रुपये भरून, आजार तसाच घेऊन आलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत आणि दर वेळी मला संताप येतो, कारण त्यांना त्या दारात नेलेलं असतं फक्त लाजेने.

वय १८च्या खाली असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: अशा वेळी डॉक्टरांना पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. पण त्या भीतीने उपचार टाळू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. आणि संबंध जबरदस्तीने झाला असेल, वय काहीही असो, तर सरकारी किंवा खाजगी कुठल्याही रुग्णालयाला तातडीने मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पहिल्या ७२ तासांच्या आत पोचलात तर एचआयव्ही टाळणारी औषधंही सुरू करता येतात.

कोणती तपासणी करायची, कोणत्या तपासणीवर पैसे घालवू नका

या पायरीवर सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

क्लॅमिडिया पकडायची खरी तपासणी म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी, ‘नॅट’ किंवा ‘पीसीआर’ नावाने ओळखली जाणारी तपासणी. पुरुषांची ती लघवीवर होते, बायकांची योनीतून घेतलेल्या स्वॅबवर जास्त भरवशाची असते. हा स्वॅब बाईला स्वतःलाही घेता येतो. आत बोटाच्या दोन पेरांएवढा सारून हलकेच फिरवायचा. बहुतेक वेळा परम्याची तपासणी त्याच नमुन्यावर होते.

लघवीचा नमुना देताना सवयीप्रमाणे चूक होते. आपल्याला कायम शिकवलेलं असतं की सुरुवातीची धार सोडा, मधली घ्या. इथे नेमकं उलट. किमान तासभर आधी लघवीला गेलेलं नसावं, जागा धुऊन-पुसून घ्यायची नाही, आणि डबीत अगदी पहिली धार पडली पाहिजे, वीस-तीस मिलिलिटर, त्याहून जास्त नको. कारण जिवाणू मूत्रमार्गाच्या भिंतीवर असतो आणि पहिली धारच त्याला सोबत घेऊन येते. लॅबमधल्या मुलाने ‘मधली द्या’ म्हटलं तर शांतपणे सांगा, ही क्लॅमिडियाची पीसीआर आहे, पहिल्या धारेची लागते. संबंधानंतर लगेच तपासलं तर जिवाणू सापडेलच असं नाही. दोन आठवडे झाल्यावरचा निकाल खात्रीचा. लक्षणं असतील तर अर्थात थांबू नका.

आता उपयोग नसलेल्या गोष्टी. रक्तातल्या क्लॅमिडिया आयजीजी आणि आयजीएम अँटीबॉडीची तपासणी अनेक पॅकेजांत घातलेली असते. आत्ता लागण आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही. जुनी, बरी झालेली लागणही त्यात उमटते आणि घरात उगाच वादळ उठतं. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर क्लॅमिडियासाठी पुरेसं नाही. मात्र साध्या तपासणीत पू-पेशी भरपूर आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही असं आलं, तर तो इशारा समजा. याची दोन कारणं मनात ठेवायची, क्लॅमिडिया आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग. आपल्या शहरात दुसरं कारण विसरून चालत नाही.

पीसीआर तपासणी स्वस्त नसते. लॅबला आधी फोन करून दर विचारा आणि दहा आजारांचं पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. सरकारी दवाखान्यात ती दर वेळी होईलच असंही नाही. तिथे लक्षणं बघून औषध देण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी रंगांनुसार ठरवलेली औषधांची पाकिटं असतात. लिंगातून स्राव येत असेल तर राखाडी रंगाचं पाकीट, त्यात क्लॅमिडियासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि परम्यासाठी सेफिक्सिम. ओटीपोटातल्या दाहासाठी पिवळं पाकीट, ते चौदा दिवसांचं. ‘तपासलंच नाही, नुसत्या गोळ्या दिल्या’ अशी तक्रार लोक घेऊन येतात. मी त्यांना सांगते की लक्षणं असताना ही पद्धत योग्यच आहे, एका फेरीत उपचार सुरू होतो. ती अपुरी पडते ती लक्षणं नसलेल्यांसाठी. ज्यांच्या जोडीदाराला लागण निघाली आहे त्यांनी म्हणूनच स्वतःहून जाऊन तसं सांगायचं.

याच फेरीत एचआयव्ही आणि गरमीची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत आणि तुमच्या संमतीनेच होते.

औषध कसं घ्यायचं

नेहमीचा उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. पर्याय म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोस. गुदद्वारातल्या लागणीला डॉक्सिसायक्लिन जास्त चांगलं लागू पडतं. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, तेव्हा अ‍ॅझिथ्रोमायसिन. हे आकडे तुम्हाला चिठ्ठी समजावी म्हणून दिलेत. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेण्यासाठी नाहीत. पू असेल आणि परमा असेल तर नुसतं हे पुरत नाही. परम्याचा जिवाणू जुन्या औषधांना दाद देईनासा झालाय, त्याला वेगळं औषध, बरेचदा इंजेक्शन, लागतं.

डॉक्सिसायक्लिनची गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, उठून बसून घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री उशिरा घोटभर पाण्याने गोळी गिळून लगेच झोपलं तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते, आणि मग छातीत असं दुखतं की माणूस हार्ट अटॅक समजून धावतो. दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्यासोबत घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा डिलिव्हरीचं किंवा साइटवरचं काम असेल तर अंगभर कपडे आणि टोपी. दोन दिवसांत जळजळ थांबते आणि तिथेच बरेचजण गोळ्या सोडतात. सोडू नका, सात म्हणजे सात दिवस.

सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नको, निरोध लावूनही नको. एका डोसचं औषध घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस नको. आणि जोडीदाराचं औषध तुमच्या नंतर सुरू झालं असेल तर त्याचे दिवस संपेपर्यंत थांबायचं.

जोडीदाराला सांगणं

मागच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना कळवायचं असतं. त्या काळात कोणी नसेल तर शेवटच्या जोडीदाराला. लक्षणं असोत-नसोत, त्यांनी तपासून घ्यायचं आणि औषध घ्यायचं. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर पंधरा दिवसांत तेच पुन्हा सुरू होतं, कारण एकदा होऊन गेल्याने शरीराला पुढे संरक्षण मिळत नाही.

भांडुपकडचं एक नवं जोडपं आठवतं. लग्नाला वर्ष झालेलं. संबंधानंतर रक्त दिसतं म्हणून ती दाखवायला आली आणि क्लॅमिडिया निघाला. रिपोर्टची घडी इतकी बारीक करून तिने पर्समध्ये ठेवली होती की उलगडताना कोपरा फाटला. सारखी म्हणत होती, “ताई, मी काहीच केलं नाही हो. ह्यांना कसं सांगू? सासूबाईंना कळलं तर?” दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, हातातलं हेल्मेट खाली ठेवलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “मॅडम, लग्नाच्या आधी एक होती. पण मला कधी काही झालंच नाही. जळजळ नाही, काही नाही.” तिने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, “अहो, मग आधी का नाही बोललात?” “मला माहीतच नव्हतं गं,” तो म्हणाला.

तो खरं बोलत होता. लागण वर्षभर गप्प राहू शकते. तसंच दुसऱ्या एखाद्या घरात ती बायकोच्या आधीच्या नात्यातूनही आलेली असू शकते आणि तिलाही तितकीच ठाऊक नसेल. आपल्याकडे मात्र रिपोर्ट बाईचा आधी येतो, कारण दवाखान्यात ती आधी जाते, आणि मग बोटही तिच्याकडेच वळतं. हे मला मनापासून खुपतं. रिपोर्टमधून कळतं ते एवढंच, की आज इथे जिवाणू आहे. तो कधी आला, कोणातून कोणाकडे गेला, हे त्यात नसतं.

कसं सांगायचं? थोडक्यात आणि औषधापासून सुरुवात करून. मी लोकांना हे वाक्य चक्क दोनदा मोठ्याने म्हणायला लावते: “मला एक इन्फेक्शन निघालंय. आठवड्याच्या गोळ्यांनी बरं होतं. पण दोघांनी एकदम घ्यायला लागतात, नाहीतर पुन्हा होतं. उद्या माझ्याबरोबर चल, डॉक्टरच सांगतील.” पुढचे प्रश्न डॉक्टरांसमोर येऊ द्या. ‘तुझ्यामुळे झालं’ किंवा ‘माझी चूक झाली’ यांतलं काहीही पहिल्या वाक्यात नको.

जागा विचार करून निवडा. दहा बाय बाराच्या खोलीत, सासू-सासरे पलीकडे टीव्ही बघत असताना, पडद्याआड कुजबुजत सांगायची ही गोष्ट नाही. समुद्राकाठी, बागेतल्या बाकावर, मैदानाच्या कट्ट्यावर, कुठेही चालेल, फक्त दोघांना अर्धा तास मिळायला हवा. जोडीदार परगावी असेल तर फोनवर सांगा आणि रिपोर्टचा फोटो पाठवण्याऐवजी आजाराचं आणि औषधाचं नाव सांगा. फोटो पुढे कुठे जाईल याचा नेम नसतो. जुन्या, संपलेल्या नात्यातल्या माणसाला दोन ओळींचा मेसेज पुरतो: मला क्लॅमिडिया निघालाय, तूही तपासून घे, औषध सोपं आहे.

सांगितल्यावर मारहाण होईल अशी भीती असेल तर एकट्याने सांगू नका. समुपदेशकाला आधी तसं बोला. जोडीदाराला इतर कारणाने तपासणीला बोलावून दवाखान्यात सांगता येतं. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे आणि जिवाला धोका असेल तर ११२.

गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर

गरोदरपणात एचआयव्ही आणि गरमीची तपासणी सरकारी रुग्णालयात नेहमीच होते. क्लॅमिडियाची होत नाही, ती मागावी लागते. अंगावरून जास्त जात असेल किंवा नवऱ्याला त्रास असेल तर नाव घेऊन विचारा. उपचार न होता बाळंतपण झालं तर बाळाचे डोळे साधारण पाच ते चौदा दिवसांत चिकटू लागतात, सुजतात. आजीचं काजळ किंवा अंगावरचं दूध घालत न बसता लगेच दाखवा. एक ते तीन महिन्यांच्या बाळाला ताप नाही पण खोकल्याची ढास लागते, तेव्हाही हे कारण असू शकतं. गरोदर बाईची औषधानंतर चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात.

तांबी बसवायची असेल तर आधी तपासून घ्या. लागण असताना बसवली तर पहिले काही आठवडे लागण वर चढण्याचा धोका वाढतो. आणि बीजवाहिन्यांच्या नळ्या बंद आहेत असं निघालं, तर सगळा दोष क्लॅमिडियावर टाकून थांबू नका. मुंबईत जननेंद्रियांच्या क्षयरोगाने नळ्या बंद पडणं नवं नाही आणि त्याचा उपचार अगदी वेगळा आहे. डॉक्टरांना दोन्हीबद्दल विचारा.

औषध संपल्यानंतर

लगेच पुन्हा पीसीआर करू नका. मेलेल्या जिवाणूंचे अंश तीन-चार आठवडे सापडत राहतात आणि बरा झालेला माणूस पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून हादरतो. गरोदर नसाल आणि गोळ्या नीट घेतल्या असतील तर तशी गरजही नसते. त्रास तसाच राहिला तर मात्र लवकर परत जा. औषध वेगळं लागेल किंवा आजारच दुसरा असेल.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. औषध निकामी ठरणं क्वचितच घडतं, पण उपचार न घेतलेल्या जोडीदाराकडून किंवा नव्या नात्यातून पुन्हा लागण होणं नेहमीचं आहे. औषध सुरू केलं त्याच दिवशी मोबाइलमध्ये तीन महिन्यांपुढचा रिमाइंडर लावून ठेवा. घरच्यांनी पाहिला तरी कळू नये म्हणून ‘चष्म्याचा नंबर’ असं काहीही लिहा. नवा जोडीदार असेल तर निरोध, आणि दोघांची तपासणी होईपर्यंत तो सोडायचा नाही. सरकारी केंद्रांवर तो मोफत मिळतो. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीलाही पहिल्या धारेचीच लघवी द्यायची आहे, आणि शक्य असेल तर त्या दिवशीही दोघांनी मिळून जायचं.